धाकटीचा राग

मी बालवाडीत शिकवते. वर्गातल्या एखाद्या मुलाचा राग हाताबाहेर गेला की मी त्याला समजावत बसत नाही. 'शहाणा ना तू' असं तर चुकूनही म्हणत नाही. त्याला बाहेर नेते, शाळेच्या कुंपणाच्या भिंतीपुढे उभं करते आणि सांगते, ही ढकल. जोरात ढकल, आज ही पाडायचीच. मूल खांदा लावून ढकलतं, शेजारी मीही पदर खोचून ढकलते. भिंत काही हलत नाही, पण जरा वेळाने मुलाचा श्वास खाली बसतो आणि मग ते रडतं तरी, नाहीतर पाणी तरी मागतं. मध्यंतरी आमच्याकडे याच विषयावर एक शिबिर झालं. पुण्याहून आलेल्या बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की लहान मुलांच्या भावना त्यांच्या अंगात साठतात, त्यांना हालचालीतून वाट करून द्यावी. चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, तुम्ही हे आधीपासूनच करता म्हणे, कुठे शिकलात? मी म्हटलं, घरीच. त्यांना वाटलं, स्वतःच्या मुलांना वाढवताना शिकले असेन. मी ते तसंच राहू दिलं.

खरं उत्तर माझ्या धाकट्या बहिणीचं आहे. ते मी फारसं कोणाला सांगत नाही, कारण सांगताना माझा आवाज चढतो आणि ऐकणारा माझीच समजूत घालायला लागतो. समजूत घालणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे.

आम्ही तेव्हा गारखेड्यात राहायचो. आज तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा मात्र शहर तिथे संपत होतं. वावरांचे प्लॉट पडले होते, चुन्याच्या फक्क्या मारलेल्या होत्या, आणि दोन बांधलेल्या घरांच्या मध्ये एक मोकळा प्लॉट असं सगळीकडे चाललेलं. घरं वाढत होती आणि पाणी आटत होतं. पावसाने लागोपाठ पाठ फिरवली होती. कॉलनीत टँकर यायचा, कधी यायचाही नाही, आणि रिकामे हंडे रस्त्याच्या कडेला माणसांच्या आधी जाऊन रांगेत बसलेले असायचे. बाबा महसूल खात्यात कारकून होते. दुष्काळी कामं निघाली की त्यांना फुलंब्रीकडे, कन्नडकडे, देवगाव रंगारीपर्यंत पाठवायचे. सोमवारी गेलेले बाबा कधी गुरुवारी यायचे, कधी शनिवारी, आणि आले की त्यांच्या शर्टाची कॉलर मातीने लाल झालेली असायची.

आई आदल्या वर्षीच्या श्रावणात गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि घरी आणलं ते चादरीत गुंडाळूनच. मी तेव्हा सहावीत होते, धाकटी पाच वर्षांची.

आमचं घराणं जिभेवर जगलेलं. पूर्वज निम्मे पूजा सांगणारे आणि निम्मे निजामाच्या कचेऱ्यांमध्ये अर्ज लिहिणारे. आमच्या घरात शरीराचा उपयोग आजारी पडण्यापुरताच व्हायचा, बाकी सगळं तोंडाने. आई गेल्यावरही सगळे धाकटीशी बोलतच राहिले. आई देवाघरी गेली. आई चांदणी झाली. आई वरून बघते आहे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, शहाणी मुलगी रडत नाही. धाकटीने हे अक्षरशः पाळलं. ती रडली नाही. ती चावायला लागली.

आधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. मग मुठी आवळायच्या. मग हाताला येईल ते भिरकावायचं, भिंतीवर डोकं आपटायचं, आणि कोणी धरायला गेलं की दात रोवायचे. माझ्या मनगटावर त्या काळातली एक खूण अजून आहे. निमित्त काहीही पुरायचं. भातात खडा लागला, फ्रॉकचं बटण उलट्या काजात गेलं, कोणी वेणी घट्ट घातली. बाबा तिला मांडीवर घ्यायचे आणि अगदी हळू आवाजात समजावायचे. ते बोलत राहायचे आणि ती त्यांच्या मांडीवर मासोळीसारखी उसळत राहायची. मला त्या हळू आवाजाचाच राग यायचा. वाटायचं, एकदा तरी ओरडा हो तिच्यावर. पण हेही मी मनात म्हणायचे, कारण मी समंजस होते. मोठ्या मुलीला आई गेल्यावर आपोआप समंजसपणा येतो अशी आमच्याकडे समजूत होती, आणि तो आला आहे की नाही हे कोणी विचारलं नाही.

आईच्या वर्षश्राद्धासाठी नांदेडहून आत्या आली आणि पितृपक्ष, दिवाळी उरकूनच जाईन म्हणून राहिली. आत्या बाबांहून मोठी. तिचे यजमान कोर्टात नोकरीला, मूलबाळ नाही. आत्या वाईट नव्हती. तिने आल्या आल्या आमचं विस्कटलेलं घर दोन दिवसांत जागेवर आणलं, डबे घासले, माझ्या केसांतल्या उवा काढल्या. फक्त तिच्या घरात कधी मूल रांगलेलं नव्हतं, त्यामुळे मूल म्हणजे वळण न लागलेलं मोठं माणूस असं तिचं मत होतं.

आत्या आल्यावर थोड्याच दिवसांनी पाण्याचं प्रकरण झालं. टँकर दोन दिवस चुकला होता. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा आत्या आणि मी रेटारेटीत घुसून दोन हंडे आणि एक कळशी भरून आणली. हंडे ओट्यावर ठेवले, आणि आत्याने धाकटीला एवढंच म्हटलं, की आज आंघोळ नाही, हातपाय पुसून घे. पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या, पण माझ्या हातात कळशी होती. धाकटीने धावत येऊन दोन्ही हात लावून हंडा ढकलला. पहिला हंडा दुसऱ्याला घेऊन खाली आला. सगळं पाणी अंगणात, आणि अंगणातून रस्त्यावर. शेजारपाजारची माणसं दारात येऊन बघत राहिली. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडे माणसं जशी बघायची, तसं मी नंतर कधी कोणाला बघताना पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. आत्याने चहाबरोबरच विषय काढला. "हे बघ, हिला असं घरात ठेवता येणार नाही. तू फिरतीवर, ही मोठी शाळेत. उद्या कुणाचा डोळा फोडंल ही पोरगी. पुण्याला मुलींचं वसतिगृह हाय, यांच्या ओळखीचे हायेत तिथं. तिथं ठेवू. वळण लागंल."

"बघू," बाबा म्हणाले.

बाबांचं 'बघू' म्हणजे होकारच असायचा, फक्त तो हळूहळू यायचा. मी तांदूळ निवडत बसले होते. घरात आता आम्ही दोघीच एकमेकींच्या होतो. बाबा होते, पण ते आठवड्यातून अर्धे असायचे आणि उरलेले अर्धे गप्प. त्या चावऱ्या, हट्टी, माझी मनगटं फोडणाऱ्या मुलीला रात्री कुशीत घेतल्याशिवाय मला झोप लागत नसे. तिच्या केसांना अजून आईच्या शिकेकाईचा वास आहे असं मला वाटायचं. खरं तर शिकेकाई मीच लावायचे. मी तेव्हाच ठरवून टाकलं, की हिचा राग गेला पाहिजे. राग गेला की पुणं टळलं.

पितृपक्षातल्या नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने आमच्याकडे सवाष्ण जेवू घालतात. तिला पाटावर बसवायचं, खीर-वडे वाढायचे, ओटी भरायची आणि साडी द्यायची. आईची ती पहिलीच नवमी. आत्या दोन दिवस कॉलनीत सवाष्ण शोधत फिरली, पण नव्या वस्तीत आमच्यातली घरं मोजकी आणि त्या दिवशी प्रत्येकीला कुठून तरी आमंत्रण. शेवटी आत्याने शेजारच्या घरात भाड्याने राहणाऱ्या काकूंना विचारलं. त्या फुलंब्रीकडच्या. विहीर आटल्यावर वावर भावाच्या हवाली करून नवरा-बायको शहरात आलेले. नवरा चिकलठाण्याला कंपनीत, आणि काकूंच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. आत्या आदल्या दिवशी थोडी घुटमळली, आपल्यातल्या नाहीत वगैरे, मग स्वतःच म्हणाली, की सवाष्ण ती सवाष्ण.

आणि मग आत्याने ते केलं, जे आमच्यासारख्याच घरात सुचू शकतं. साडी नवी द्यायची असते. पण आईच्या ट्रंकेत एक मोरपंखी नारायणपेठ होती, आईने एकाच मुंजीत नेसलेली. आत्या म्हणाली, "नवीच हाय की ही. आणि तिचीच तिच्या नावानं दिली म्हणजे तिलाच पोचली." यात काटकसरही होती आणि श्रद्धाही, आणि दोन्ही इतक्या एकजीव होत्या की कशालाच नाव ठेवता येत नव्हतं. बाबांनी साडीकडे पाहिलं आणि उठून बाहेर गेले.

धाकटीला शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खेळायला पाठवलं होतं. तिथे कोणीतरी वाळूचा ढीग टाकून ठेवला होता. काकू जेवल्या. आत्याने त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, साडी दिली आणि आग्रह केला, इथंच नेसून जा, म्हणजे आमच्या वहिनीचा आत्मा थंड होईल. काकू आतल्या खोलीत जाऊन साडी नेसून आल्या. बाळ माझ्या कडेवर होतं, ते पोचवायला मी मागून जाणार होते. काकू सगळ्यांच्या पाया पडून फाटकाबाहेर गेल्या, प्लॉटच्या कडेने निघाल्या. पाठमोऱ्या. डोक्यावर पदर.

धाकटीने वाळूच्या ढिगावरून हाक मारली, "आई!"

मी आयुष्यात पुष्कळ हाका ऐकल्या, पण ती हाक मला सांगता येणार नाही. त्यात आनंद होता. निव्वळ आनंद. ती ढिगावरून घसरत खाली आली, हात पुढे करून पळत सुटली, आणि काकू वळल्या.

पुढचं सगळं क्षणात झालं. धाकटी थांबली. पाळ्या लाल झाल्या. मग ती डोकं खाली घालून काकूंच्या पोटावर जाऊन आदळली. साडी ओढायला लागली, ओरबाडायला लागली, "काढ! काढ ती! माझ्या आईची हाय!" आत्या दारातून ओरडली, बाबा फाटकाशी जाऊन खिळल्यासारखे उभे राहिले. काकूंनी तिच्या दोन्ही मनगटांना घट्ट धरलं. धाकटी सुटायला म्हणून सगळा भार टाकून मागे झुकली, तिच्या टाचा वाळूत रुतल्या. ती पडेल म्हणून काकूही मागे झुकल्या. दोघी एकमेकींना ओढत होत्या आणि पडत नव्हत्या. आणि मग, कोणी सुरू केलं ते मला कळलं नाही, पण त्या फिरायला लागल्या.

फुगडी म्हणावी तर ती फुगडी नव्हती. हातांची कैची नव्हती, पाय जुळवलेले नव्हते. पण फिरता फिरता काकूंच्या पायांनी आपणहून ताल धरला. गावाकडे महालक्ष्म्यांच्या पुढे फुगड्या घातलेली बाई ती, पाय विसरले नव्हते. धाकटी किंचाळत होती. फिरण्याच्या वेगात किंचाळी लांबत गेली, मग बारीक झाली. मोरपंखी पदर डोक्यावरून घसरला, मागे उडत राहिला. हळूहळू वेग कमी झाला, काकू खाली बसल्या, आणि धाकटी त्यांच्या मांडीवर, आईच्या साडीत तोंड खुपसून रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, नाक वाहवत, आचके देत. बाबांनी फाटकाला हात टेकला. कडेवरचं बाळही रडायला लागलं, आणि मी त्याला थोपटत उभी राहिले.

नंतर मी काकूंना विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? त्या हसल्या. "मला कुठं काय सुचलं माय. चावंल म्हणून हात धरले. तिनं वढलं, मी वढलं." दुसऱ्या दिवशी त्या साडी घडी घालून परत द्यायला आल्या होत्या. आत्या म्हणाली, गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं परत घेत नाहीत. काकूंनी ती साडी पुन्हा कधी आमच्यासमोर नेसली नाही.

मला मात्र किल्ली सापडली होती. धाकटीच्या पाळ्या लाल झाल्या, की मी हातातलं काम टाकून तिला प्लॉटवर न्यायची आणि काकूंना हाक मारायची. काकू हात पुसत यायच्या, "लई राग आलाय व्हय आमच्या वाघिणीला? ये, धर." बाळ माझ्याकडे द्यायच्या. मग दोघी पायांच्या अंगठ्याला अंगठे लावून उभ्या राहायच्या, हातांची कैची करायच्या, मागे झुकायच्या. काकू सांगायच्या, "अंग टाक. भिऊ नको, मी हाय ना पल्याडून. नाय सोडत." धाकटी अंग टाकायची. पहिले काही फेरे ती दात आवळून फिरायची, मग ओठ सुटायचे, मग कधी रडायची आणि कधी चक्क हसायची. आत्या दारातून बघत म्हणायची, हे काय थेर लावलेत. पण हंडे सांडायचे थांबले होते, त्यामुळे ती याहून जास्त काही बोलली नाही.

दसऱ्याच्या आसपास दोन गोष्टी झाल्या. मोकळ्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली, आणि काकूंच्या घरमालकाची बोअर आटली. काकूंच्या नवऱ्याला वाळूजकडे नव्या कंपनीत जागा मिळाली होती, तिकडे पाणी बरं आहे असं त्यांना कोणी सांगितलं. एका टेंपोत त्यांचा सगळा संसार मावला. जाताना काकूंनी धाकटीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "आता तू धर तिचे हात. तुला जमतंय." मला जमतंय की नाही हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बाळ नेहमी माझ्याच कडेवर असायचं.

मी अंगणात धाकटीचे हात धरले. फुगडीत एक गोष्ट असते, ती बाहेरून दिसत नाही. दोघींनीही अंग टाकावं लागतं. एकीने टाकलं आणि दुसरी ताठ राहिली, तर फिरकी बसत नाही, नुसती ओढाताण होते. मी ताठ राहायची. मला वाटायचं, मी अंग टाकलं आणि हात सुटले तर हिचं डोकं फरशीवर आपटेल. दुधाकडे लक्ष हवं, टँकरचा भोंगा ऐकायला हवा. धाकटी चिडायची, "ताई, तू झुकतच नाहीस! काकू झुकायच्या." एका संध्याकाळी आत्या देवळात गेली होती, घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी डोळे मिटले आणि झुकले. फिरकी बसली. अंगण, तुळस, दोरीवरचे कपडे, सगळं एक होऊन गेलं, आणि माझ्या छातीतून काहीतरी वर यायला लागलं. मोठं होतं ते. घशापर्यंत आलं. मी घाबरले आणि पाय रोवून थांबले. धाकटीला वाटलं मला चक्कर आली. तिने मला पाणी आणून दिलं, अर्धा पेला, कारण पूर्ण घ्यायची मनाई होती.

त्यानंतर मी अर्धवट झुकायला शिकले, तिच्यापुरती. तिला तेवढंही पुरलं. तिचा राग सरत चालला होता. मग ती स्वतःच, पाळ्या लाल व्हायच्या आत, माझ्यापुढे येऊन हात पुढे करायची. कधी नुसतीच अंगणात गोल पळून यायची आणि म्हणायची, गेला. दिवाळीत तिने एकदाही काही फेकलं नाही. पुण्याच्या वसतिगृहाचं नाव निघेनासं झालं. मला स्वतःचाच अभिमान वाटायचा. एवढ्याशा वयात मी घर राखलं असं मला वाटत होतं.

आत्याचंही धाकटीत मन गुंतायला लागलं होतं. का गुंतू नये? गोड दिसायची ती, गोबरी, आणि राग गेल्यावर तिचा खरा स्वभाव वर आला होता, गोष्टीवेल्हाळ, लाघवी. आत्या तिच्या वेण्या घालायची आणि ती वेण्या घालून घ्यायची. आत्याने तिला स्तोत्रं शिकवली, तिच्यासाठी स्वतःच्या जुन्या खणाचं परकर-पोलकं शिवलं. रात्री धाकटी कधी माझ्याकडे, कधी आत्याकडे झोपायची. मला थोडं टोचायचं, पण मी ते समंजसपणाने गिळायची.

तुळशीच्या लग्नानंतर एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या खोलीत आत्या बाबांशी बोलत होती. "आधी मीच म्हणत होते, असली पोर कुणी सांभाळावी. पण आता कशी गुणाची झालीय बघ. माझ्याकडं दे हिला. आमचंबी घर भरंल. तू महिन्यातले वीस दिवस बाहेर, मोठी शाळा बघंल का हिला बघंल? मोठीचं काय नाही, ती समजूतदार हाय, तुझं जेवणखाण बघंल. नांदेड काय लांब हाय का?"

मग बाबा म्हणाले, "बघू."

माझी भाकरी तव्यावर करपली. मला ओरडावंसं वाटत होतं, परात भिंतीवर मारावीशी वाटत होती. मी करपलेली भाकरी माझ्या ताटासाठी बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

पुढच्या चार दिवसांत मी जे केलं त्याला नाव नाही. मी धाकटीला चिडवायला लागले. तिची बाहुली कपाटावर टाकली. तिच्या भातात मुद्दाम मीठ जास्त टाकलं. वेणी करकचून घातली. एकदा तरी तिने चावावं, थाळी भिरकावावी, आत्याच्या समोर लोळण घ्यावी, म्हणजे आत्या म्हणेल, नको गं बाई ही पोर. धाकटी माझ्याकडे बघायची. तिच्या पाळ्या लाल व्हायच्या. आणि मग ती उठून माझ्यापुढे यायची, अंगठ्याला अंगठे लावायची, दोन्ही हात पुढे करायची. मी तिचे हात धरायची. काय करणार?

बाबा त्या दिवसांत माझ्याशी एकदाच बोलले. मी वस्तीबाहेरच्या विहिरीवर कपडे घेऊन निघाले होते, पाणी गढूळ होतं पण निदान तळाशी थोडं होतं. ते म्हणाले, "ती तिकडं सुखात राहील. तुला कळतं ना सगळं." मी म्हटलं, हो. आज मी त्या जागी असते तर बाबांचा हात धरून त्यांना गोल फिरवलं असतं, पडेपर्यंत. त्यांनाही कुठेतरी काढायचं असेल ते. पण तेव्हा आम्ही दोघेही कळणाऱ्या माणसांपैकी होतो.

ती गेली ती गेलीच. सुट्टीत यायची, मग सुट्टीतही कमी कमी यायला लागली. आत्याला ती आई म्हणते. आत्याने तिला खरोखर फुलासारखं वाढवलं, आत्या आजारी पडली तेव्हा तिनेच सगळं केलं. तक्रार करावी असं यात काहीही नाही. म्हणूनच माझा आवाज चढतो.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे मध्यवर्ती स्टँडवर गेलो. नांदेडच्या गाडीला गर्दी होती, खिडकीतून रुमाल टाकून बाबांनी जागा धरली. धाकटीने खणाचं पोलकं घातलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. आत्या सामान लावत होती, बाबा पाण्याची बाटली भरायला गेले होते. धाकटी खिडकीशी बसली. मी खाली उभी होते, टाचा उंच करून मी तिचे दोन्ही हात धरले. तिच्या कानाकडे तोंड नेऊन मी म्हटलं, "ओरड गं. आता ओरड. आत्याला चाव. मी सांगते म्हणून चाव."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला नवल वाटलेलं दिसलं. मग तिने अगदी हळू आवाजात, बाबांसारख्या, मला समजावलं, "नको ताई. असं नसतं करायचं." आणि जरा विचार करून म्हणाली, "पण मी गेल्यावर तुला राग आला, तर तू कुणाचे हात धरशील?"

वर्षभरात मला हे कोणीच विचारलं नव्हतं. सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, आणि कंडक्टरने त्याच वेळी दोरी ओढून घंटी मारली. बाबा बाटली घेऊन धावत आले. गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि ती अजून माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट पाहत. मी बोलले नसते तर तिने हात सोडले नसते.

"मला येतच नाही राग," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटलं. तिने मान हलवली, हात आत घेतले आणि गाडी निघाली.